जॅझ ऐकवणारा माणूस: फिल शॅप, जुन्या रेकॉर्ड्स आणि वादकांची नावं

रात्रपाळी (धागाकर्ता)

संगीताच्या या विभागात शास्त्रीय, नाट्यपद, गझल, जुनी सिनेमाची गाणी असं सगळं येतं. जॅझ मात्र क्वचित. म्हणून हा धागा. सुरुवात वादकापासून नाही, एका रेडिओ निवेदकापासून करतोय.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर नावाचं रेडिओ केंद्र आहे, विद्यार्थ्यांनी चालवलेलं. फिल शॅप १९७० मध्ये विद्यार्थी म्हणून तिथे माइकसमोर बसले आणि २०२१ साली वारले, तोवर त्या केंद्राचेच राहिले. १९८१ पासून त्यांचा 'बर्ड फ्लाइट' हा कार्यक्रम चालला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ वीसला, आणि विषय एकच: सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, टोपणनाव 'बर्ड'. तिकडचे आठ वीस म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे पाच पन्नास, थंडीत सहा पन्नास. पार्कर ३४ व्या वर्षी, १९५५ साली गेला. एवढ्या छोट्या आयुष्यातल्या रेकॉर्ड्सवर हा माणूस चाळीस वर्षं रोज सकाळी बोलला, आणि बोलणं कमी पडलं नाही.

जुने भाग आता नेटवर ऐकता येतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझी रात्रीची ड्यूटी असते. घरी आल्यावर लगेच झोप लागत नाही, तेव्हा मी ते लावतो.

शॅप काय करायचे ते एका रेकॉर्डवरून सांगतो. २६ नोव्हेंबर १९४५, सॅव्हॉय कंपनीचं ध्वनिमुद्रण, रेकॉर्डचं नाव 'को-को'. तीन मिनिटांपेक्षाही छोटी. 'चेरोकी' नावाच्या प्रसिद्ध गाण्याच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) तशाच ठेवून त्यावर पार्करने नवं काही उभं केलं. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे मुद्रणाच्या पहिल्या प्रयत्नात, प्रास्ताविक झाल्यावर सगळे चक्क 'चेरोकी'ची चाल वाजवू लागतात आणि कुणीतरी त्यांना थांबवतं. मूळ चाल रेकॉर्डवर आली असती तर तिच्या रचनाकाराला पैसे द्यावे लागले असते, असं याचं कारण सांगतात. तो अर्धवट टेक आज उपलब्ध आहे. त्या दिवशी १९ वर्षांचा माइल्स डेव्हिस खोलीत होता, पण 'को-को'वर ट्रंपेट डिझी गिलेस्पीचा आहे. ड्रम्सवर मॅक्स रोच, बासवर कर्ली रसेल. पियानोवर कोण? यावर अभ्यासक अनेक दशकं भांडत आहेत, कारण खोलीत पियानो वाजवू शकणारे एकाहून जास्त होते आणि लेबलवर टोपणनाव छापलं होतं.

हे सगळं ऐकून मग रेकॉर्ड लावली की ती वेगळीच ऐकू येते. आधी नुसता वेगाचा लोट होता. आता त्यात चार-पाच माणसं दिसतात, आपापल्या जागी उभी असलेली.

अजून एक गोष्ट. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. सगळ्या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. नेमकं याच काळात पार्कर आणि गिलेस्पी अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात शेजारी शेजारी बसून नवी शैली घडवत होते. हे दोघे असतानाच्या त्या वृंदाची एकही रेकॉर्ड नाही. संगीत बदललं ते बंद दाराआड, आणि १९४५ मध्ये दार उघडलं तेव्हा लोकांना वाटलं की हे आभाळातून पडलं. 'को-को' इतकी धक्कादायक का वाटली, हे त्या दोन रिकाम्या वर्षांशिवाय कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी जॅझ ऐकतं का? कुणाच्या तोंडून ऐकायला शिकलात?

---

वालचंदकर

छान लिहिलंयत. मी पुण्यात असतो, मूळचा आपल्या सोलापुरातल्या सात रस्त्याचा. 'टेक फाइव्ह' तेवढं माहीत आहे. वाचतोय.

---

जुनी_मिल

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: विलिस कोनोव्हर.

माझं वय आता सत्तरीच्या पुढे. वडील मिलमध्ये जॉबर होते, घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. रात्री शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं आणि ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं 'टेक द ए ट्रेन' सुरू व्हायचं. ती कोनोव्हरची खूण. (रचना एलिंग्टनची नाही, त्याच्या सहकाऱ्याची, बिली स्ट्रेहॉर्नची. हेही कोनोव्हरनेच शिकवलं.) मग खर्जातला आवाज. इतका संथ, इतका स्वच्छ बोलायचा की माझ्यासारख्या नगरपालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलालाही वाक्य धरता यायचं. तो मुद्दाम तसं बोलायचा. इंग्रजी ज्यांची भाषा नाही असे श्रोते समोर आहेत, याचं भान त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

१९५५ मध्ये त्याचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ मध्ये तो वारला तोवर त्याचा आवाज जगभर जात होता. पोलंड, रशिया, क्यूबा, आणि आमची सोलापूरची माळवदाची खोली. पण त्याच्या स्वतःच्या देशात त्याला जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. १९४८ च्या एका कायद्याने व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कार्यक्रम अमेरिकेतल्या लोकांना ऐकवायला बंदी होती.

शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. ऐन सोलो रंगात आला की सिग्नल बुडायचा. त्यामुळे नावं मात्र पक्की लक्षात राहिली. सूर निसटला तरी वहीत नाव उरायचं: लेस्टर यंग, टेनर सॅक्सोफोन. स्पेलिंग अंदाजाने.

---

सुरपेटी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

मी गाणं शिकले आहे, शिकवतेही. गाणं आधी कानाला भिडलं पाहिजे. निवेदकाने पाऊण तास तारखा सांगायच्या आणि तीन मिनिटांची रेकॉर्ड लावायची, हे मला पटत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात कितीतरी कार्यक्रमांत हे सोसलंय. गायक विंगेत तंबोरा जुळवून बसलेला, आणि निवेदक त्याच्या गुरूच्या गुरूपर्यंत पोचलेला. तोवर श्रोत्यांचा कान थकतो. पियानोवर कोण होतं हे कळल्याने सूर जास्त सच्चा लागतो का?

---

रात्रपाळी

सुरपेटीताई, राग कसला. शॅपवर त्यांच्या हयातीतही हाच आक्षेप होता. सकाळी ऑफिसला निघालेला माणूस रेडिओ लावायचा, त्याला पार्कर हवा असायचा आणि शॅप तारखांचा घोळ सोडवत बसलेले असायचे. हे खरं आहे.

तरी मी त्यांच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

सूर सच्चा लागत नाही, बरोबर. पण जॅझमध्ये रचना हे निमित्त असतं. खरी गोष्ट त्या दिवशी त्या माणसाने काय केलं ही. तीच चाल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ड्रमरबरोबर वाजवली की वेगळं संगीत होतं. म्हणून कोण आणि कधी हे प्रश्न इथे बाहेरचे नाहीत. मैफलीत आपण विचारतोच की, तबल्याला कोण होतं?

दुसरं, हे वादक बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या देशाने त्यांना मागच्या दाराने आत घ्यायचं ठरवलं होतं. क्लबमध्ये वाजवायचं, पण पुढच्या टेबलावर बसायचं नाही. कित्येकांना रेकॉर्डचे पैसे एकरकमी हातावर टेकवून वाटेला लावलं. अशा माणसाचं पूर्ण नाव, वाद्य आणि दिवस रेडिओवरून मोठ्याने सांगणं याला मी मान देणं समजतो.

आणि आपल्याकडे काय झालं बघा. पन्नाशीच्या दशकातली सिनेमाची गाणी आपण तोंडपाठ म्हणतो. सी. रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत. पण त्या गाण्यांत ट्रंपेट फुंकणारे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, ज्यांना मुंबईत भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, ते किती जणांना ठाऊक आहेत? सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी संगीत संयोजन केलं. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे गुरू. पडद्यावर अशा माणसांची नावं क्वचितच यायची. आपल्याकडे एखादा शॅप असता तर कोणत्या गाण्यात कोणता तुकडा कुणाचा, हे वेळेवर विचारून, लिहून ठेवलं गेलं असतं. आता विचारायला माणसं उरली नाहीत.

---

जुनी_मिल

+१. आकाशवाणीने शास्त्रीय संगीतात ही शिस्त पाळली. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सारंगीवर कोण, दरवेळी सांगायचे. सिनेसंगीतात कुणी पाळली नाही.

मुंबईच्या जॅझचा विषय निघालाच आहे तर टेडी वेदरफर्ड हे नाव नोंदवून ठेवतो. शिकागोत विसाच्या दशकात नावाजलेला पियानोवादक. शांघायमार्गे आपल्याकडे आला, ताजमध्ये वाजवलं, शेवटी कलकत्त्यात स्थायिक झाला आणि १९४५ मध्ये पटकीने तिथेच गेला. अमेरिकेत राहिला असता तर आज मोठ्या नावांत असता, असं माझं ठाम मत आहे.

---

कॉर्नेट_पार्टी

मी सोलापुरातच बँडमध्ये वाजवतो. लग्न, मिरवणूक, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत कामं जास्त. आजोबा कॉर्नेट वाजवायचे, वडील युफोनियम, मी ट्रंपेट. रात्रपाळीभाऊंनी मागे एकदा लिंक पाठवली होती, लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज', २८ जून १९२८. ते ऐकल्यापासून डोक्यातून जाईना गेलंय, म्हणून लिहायलोय.

सुरुवातीला ट्रंपेट एकटाच हाय. मागं कोण न्हाई, ठेका न्हाई. बारा-तेरा सेकंदांचा तुकडा. वाजवणाऱ्यालाच कळतं ते काय हाय. पहिले चार सूर एकदम सरळ, ठोकून, आणि त्याच्यात पुढची लय सांगून टाकतो. मग वर चढतो आणि खाली येताना जशी भिंगरी सोडल्यागत उतरतो. श्वास कुठं घेतला ते मी कितीदा ऐकलं तरी सापडंना.

आणि शेवटाकडं एक वरचा सूर लावतो आणि तसाच धरून ठेवतो, जवळजवळ चार बार. (बार म्हंजे इथं चार मात्रांचा गट.) सूर हलत न्हाई. तुम्ही म्हणाल त्यात काय. भाऊ, ट्रंपेटात वरचा सूर ओठाच्या जिवावर असतोय. सीझनमध्ये दिवसाला दोन मिरवणुका झाल्या की आमचे ओठ फुटतात, तूप लावून झोपावं लागतं. आर्मस्ट्राँगच्या ओठाचे पण हालच झाले होते म्हणे आयुष्यभर. त्या ओठानं असा सूर लावायचा.

आणखी एक. त्याचं शिक्षण बँडमध्येच झालंय. न्यू ऑर्लिन्समध्ये लहानपणी नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल उडवलं म्हणून पोरांच्या सुधारगृहात टाकलं, १९१३ साल. तिथल्या बँडात कॉर्नेट हातात आला. त्या गावात मयतीला पण बँड जातोय. जाताना संथ भजनं, आणि माती देऊन परत येताना नाचायला लावणारं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही आपलीच माणसं हायत.

लोकं बँडवाल्याला वाजंत्री म्हणून बाजूला उभं करतात, पंगतीला शेवटी बसवतात. जगातला एवढा मोठा कलाकार बँडातनं आला हे पोरांना सांगतो मी आता प्रॅक्टिसला.

---

रात्रपाळी

दादा, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. ओठांबद्दल पुस्तकांत वाचलं होतं, तूप लावणाऱ्याकडून आज कळलं.

---

पूर्वभाग_१२

'स्विंग' म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगेल का? आमच्याकडे घरात माग आहेत. लहानपणापासून कानात तोच ठोका. जॅझ ऐकताना वाटतं की हेही तसंच आहे, पण पाय धरायला गेलं की निसटतं.

---

रात्रपाळी

तुमचा पाय निसटतो तिथेच स्विंग आहे. यंत्रमागाचा धोटा इकडून तिकडे जायला आणि परत यायला सारखाच वेळ घेतो. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, आणि तो किती आखूड हे कुठे लिहिलेलं नसतं. वेग वाढला की फरक कमी होतो, संथ लयीत वाढतो. प्रत्येक ड्रमरचा वेगळा. काउंट बेसीच्या वृंदातल्या जो जोन्सची झांज ऐका, ठोका सांगत नाही, नुसता पुढे नेत राहते. (हेच जो जोन्स लहानग्या फिल शॅपला सांभाळायला घरी येत. वडिलांची जॅझवाल्यांत ऊठबस होती. असं बालपण लाभल्यावर माणूस दुसरं काय करणार?)

---

वालचंदकर

'टेक फाइव्ह'मध्ये पाच मात्रा आहेत ना? झपतालाच्या अर्ध्या?

---

सुरपेटी

पाच आहेत, पण वजन ३ आणि २ असं पडतं. झपताल २-३-२-३. त्यामुळे झपताल धरून ऐकलंत तर सम चुकल्यासारखी वाटेल. पियानो सबंध वेळ तेच धरून ठेवतो, त्यावर ड्रम्सचा सोलो आहे. आमच्या लहऱ्यासारखं. हे मला आवडतं.

डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीची ही १९५९ ची रेकॉर्ड, पण रचना ब्रुबेकची नाही, सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची. बघा, मलाही नाव सांगावंसं वाटलं.

---

बाळीवेस

त्याच १९५९ सालची दुसरी रेकॉर्ड, माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू'. तिच्याबद्दल लिहितो, कारण आपल्या कानाला ती सगळ्यात जवळची आहे.

पहिली रचना 'सो व्हॉट'. पेटी घेऊन बसा. सा पांढरी दोन. काफी थाट. सोळा बार त्यातच. मग अख्खा थाट उचलून सा काळी दोनवर, आठ बार. पुन्हा खाली पांढरी दोनवर, आठ बार. संपलं. आधीच्या जॅझमध्ये दर बारला कॉर्ड बदलायची, वादकाला त्यामागे धावावं लागायचं. इथे एकाच स्वरसमूहात थांबून विस्तार करायचा. डेव्हिस कमी सूर घेतो, जॉन कोल्ट्रेन भरभरून, कॅननबॉल अॅडर्ली हसत हसत. पियानोवर बिल एव्हान्स, आणि फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'वर विंटन केली. बास पॉल चेंबर्स, ड्रम्स जिमी कॉब. दोन दिवसांत सगळं झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल.

आता गंमत. २ मार्चला मुख्य टेपमशिन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर लाँगप्ले रेकॉर्डची पहिली बाजू थोडी चढी ऐकू यायची. रेकॉर्डबरोबर वाजवू पाहणाऱ्या वादकांना आपलं वाद्य का जुळत नाही ते कळायचं नाही. दुसऱ्या मशिनवर घेतलेली राखीव टेप वापरून १९९२ मध्ये हे दुरुस्त झालं. तोवर जगाने तेहतीस वर्षं हा सा चढाच ऐकला.

आपल्या जुन्या ७८ च्या रेकॉर्ड्सचंही हेच दुखणं आहे. तबकडी कोणत्या वेगाने कापली गेली यावर गायकाची पट्टी ठरते, आणि आपण त्यावरून अमुक बुवा अमुक पट्टीत गात असं बोलत राहतो.

---

सुरपेटी

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. अशी माहिती सुराचीच झाली, तिला बाहेरची म्हणता येणार नाही.

---

शेंगाचटणी

मी बहुधा इथली एकटीच गायिका बिली हॉलिडेची भक्त. ८ डिसेंबर १९५७ चा सीबीएस टीव्हीवरचा कार्यक्रम शोधून बघा, 'फाइन अँड मेलो'. ऐकू नका, बघा. बिली मधोमध उंच स्टुलावर बसलेली, भोवती सगळे दिग्गज. आधी बेन वेबस्टर वाजवतो, मग लेस्टर यंग उठतो. प्रकृती ढासळलेली. दोघांची जुनी मैत्री. तिने त्याला 'प्रेझ' म्हणायचं, त्याने तिला 'लेडी डे'. तो बारा बारचं एक आवर्तन वाजवतो, अगदी मोजके सूर, आणि कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती मान हलवत ऐकते आहे, ओठांवर हसू. दाद देणं म्हणजे काय ते त्या चेहऱ्यावर बघावं.

मार्च १९५९ मध्ये लेस्टर गेला, जुलैत बिली.

माझ्या आईला दाखवलं. तिला इंग्रजीचा गंध नाही. ती एवढंच म्हणाली, पुन्हा लाव.

---

जुनी_मिल

शेंगाचटणी, आईंना नमस्कार सांगा.

सुरपेटीताईंसाठी एक. डीन बेनेडेटी नावाचा सॅक्सोफोनवादक १९४७-४८ मध्ये मशिन घेऊन पार्करच्या मागे क्लबोक्लबी फिरला. पार्करचा सोलो सुरू झाला की मशिन चालू, संपला की बंद. बाकीचे काय वाजवतात ते जवळपास घेतलंच नाही. ते तुकडे हरवले असं सगळे धरून चालले होते. शेवटी सापडले, आणि १९९० मध्ये मोझेक कंपनीने प्रसिद्ध केले. ते जुळवून, तारीखवार लावून द्यायच्या कामात हेच फिल शॅप होते.

---

सुरपेटी

दोन रात्री 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकलं. कॉर्नेट_पार्टींनी सांगितलेला तो लांब सूर ऐकला. आमच्यात षड्ज लावून बसायची तालीम असते, त्यामुळे त्याची किंमत कळते. मध्ये तो शब्दांशिवाय गातो आणि क्लॅरिनेट त्याला उत्तर देतो, तिथे तर थांबवून परत लावलं.

माझं म्हणणं मी सोडत नाही. आधी ऐकवा, मग सांगा. शॅपसाहेबांनी क्रम उलटा ठेवला असं अजूनही वाटतं. पण आता ऐकून झालंय, म्हणून विचारते. मागे ट्रॉम्बोन वाजताना टॉक-टॉक असा लाकडी आवाज येतो, आणि सगळं संपल्यावर अगदी शेवटी एकदा वाजतो. तो कोण आहे?

---

रात्रपाळी

झटी सिंगलटन. न्यू ऑर्लिन्सलाच वाढलेला ड्रमर. त्या काळी मोठे ड्रम ध्वनिमुद्रणाला जड जायचे, म्हणून हातातल्या छोट्या झांजांवर काम भागवलंय. लाकडी वाटतो तो आवाज त्यांचाच. ट्रॉम्बोन फ्रेड रॉबिन्सन, तुम्हाला आवडलेला क्लॅरिनेट जिमी स्ट्राँग, बँजो मॅन्सी कार, पियानो अर्ल हाइन्स. हाइन्सचा सोलो गायनानंतर लगेच येतो. आता तो ऐका, आणि उजवा हात काय करतो ते तुम्ही इथे लिहा. पेटीवाल्याच्या कानाने लिहिलेलं मला हवंय.